सुकाणू-दंड, मोटारगाडीचा

मोटारगाडीच्या चालकापुढील सुकाणूचक्राचे फिरणे पुढील चाकांजवळील दंतपेटीपर्यंत पोहोचविणाऱ्या पोलादी दंडास सुकाणू-दंड म्हणतात. कारखान्यांतून व गॅरेजांतून यास ‘स्टिअरिंग शाफ्ट’ किंवा नुसते ‘शाफ्ट’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा दंड ज्या नळीतून जातो त्या नळीसह होणाऱ्या सर्व जुळणीस सुकाणूस्तंभ म्हणतात. मोटारगाडीच्या बहुतेक महत्त्वाच्या यंत्रणांना काही ना काही पर्याय असतो. पायाचा ब्रेक निकामी झाल्यास हातब्रेक असतो. एंजिन बंद पडल्यास गाडी ढकलत नेता येते. सुकाणू-दंड मात्र एकच असतो व तो सुटल्यास चालकाच्या हातात केवळ फिरते चक्र उरते. यामुळे दुरुस्तीसाठी काढलेला दंड पुन्हा बसविणे हे काम दिसण्यास किरकोळ असले, तरी त्यावर गाडीतील व रस्त्यावरील माणसांचे प्राण अवलंबून असतात. दंडाच्या रचनेत गेल्या सव्वाशे वर्षांत जे फेरफार झाले, त्यांबरोबर तो बसविताना होऊ शकणाऱ्या चुकांचे स्वरूपही बदलले आहे.

शब्द व पूर्वेतिहास : ‘सुकाणू’ हा शब्द मराठीत अरबीतून आला असून त्याचा मूळ संबंध नौकानयनाशी आहे. कोकण किनाऱ्यावरील गलबतांच्या व मचव्यांच्या पिछाडीस दिशा देण्यासाठी लावलेल्या फळीस सुकाणू म्हणत. पनवेल हे खाडीकाठचे जुने बंदर असल्याने हा शब्द त्या परिसरात मोटारगाडीच्या कितीतरी आधीपासून नित्याच्या व्यवहारातील होता. होडीचे सुकाणू आणि आरंभीच्या मोटारगाडीची दिशायंत्रणा यांत साम्यही होते, कारण दोहोंत एक आडवी दांडी हाताने ढकलावी लागे.

चार चाकांच्या गाडीस वळविताना एक भौमितिक अडचण येते. वळणाच्या आतील चाक लहान त्रिज्येच्या व बाहेरील चाक मोठ्या त्रिज्येच्या वर्तुळावरून जाते. दोन्ही चाके सारख्याच कोनात वळविल्यास एक चाक घासत जाते. म्यूनिक येथील गाड्या तयार करणारे गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी प्रत्येक चाकास स्वतंत्र खुंटीभोवती वळविणारी रचना एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात योजिली. त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी रूडोल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे इंग्लंडमधील एकस्व घेतले व ती पुढे आकरमान यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. फ्रान्समध्ये आमेदे बॉले यांनी १८७३ मध्ये बांधलेल्या वाफेच्या गाडीत अशा प्रकारची रचना वापरली. कार्ल बेन्झ यांची १८८६ मध्ये एकस्व मिळालेली गाडी तीन चाकी होती, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्‌भवला नव्हता. चार चाकी गाडीसाठी स्वतंत्र खुंट्यांच्या रचनेचे एकस्व त्यांनी १८९३ मध्ये घेतले.

गोल सुकाणूचक्राचा एक प्रारंभीचा ज्ञात वापर जुलै १८९४ मधील पॅरिस–रूआं स्पर्धेत आल्फ्रेद व्हाशरॉन यांनी पानार गाडीवर केला. त्याच कंपनीत आर्थर क्रेब्स यांनी १८९८ मध्ये चालकाकडे कललेला सुकाणूस्तंभ प्रचारात आणला. आडव्या दांडीच्या काळी रस्त्यावरील दगडधोंड्यांचा हिसका सरळ चालकाच्या मनगटास बसे व गाडीचा वेग वाढला की दांडी हातातून निसटे. चक्र, दंड व दंतपेटी ही त्रयी आल्यावर चक्राचे अनेक अंश फिरणे चाकाच्या थोड्या अंशांत रूपांतरित होऊ लागले. यामुळे चालकाचे श्रम कमी झाले आणि उलट दिशेने येणारे हिसकेही बरेचसे दंतपेटीतच शमू लागले. सुकाणू-दंडाचा स्वतंत्र इतिहास येथून सुरू होतो.

अखंड दंडाचा काळ : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक गाड्यांत दंतपेटी चालकाच्या पुढे, साटीच्या बाजूच्या तुळईवर बसविलेली असे. दंडाच्या खालच्या टोकास मळसूत्रासारखे आटे असत व ते पेटीतील दाते किंवा रूळ फिरवीत. वरच्या टोकास चक्र व खालच्या टोकास मळसूत्र असलेला हा दंड बहुधा अखंड व ताठ असे. दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आलेल्या विलीस जीपमध्ये अशा प्रकारची, खाचेदार मळसूत्र व दोन खुंट्यांची तरफ यांनी बनलेली पेटी होती व तिचा दंड आणि मळसूत्र हा एकच घटक होता.

महाराष्ट्रातील मोटार-उद्योग नेमका याच काळात उभा राहिला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना मुंबईतील कुर्ला येथे होता. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे महिंद्र अँड महिंद्र या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी हाती घेतली. प्रीमियर कंपनीने आरंभी अमेरिकन क्राइस्लर समूहाच्या गाड्या जुळविल्या आणि १९५० नंतरच्या दशकात इटलीतील फियाट कंपनीच्या गाड्यांकडे ती वळली. फियाट ११०० या गाडीचे एक रूप १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकले जाऊ लागले व मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीशी ते नाव एकरूप झाले. या गाडीची सुकाणू-पेटी मळसूत्री प्रकारची होती. बराच काळ तिचा गियर बदलण्याचा दांडाही सुकाणूस्तंभावरच असे. त्यामुळे स्तंभ उतरविण्याच्या कामात गियरच्या जोडदांड्यांचेही काम येई.

अखंड दंडाचे गुणदोष दोन्ही स्पष्ट होते. तो मध्ये कोठेही जोडलेला नसल्याने मध्येच सुटण्याचा संभव नसे. चक्र दंडावर दातेरी बैठकीने बसे व वरून नटाने आवळले जाई. चक्र एखाद्या दात्याने चुकीचे बसले, तर गाडी सरळ जात असताना त्याचे आरे तिरके दिसत. पेटी वेडीवाकडी आवळली गेली, तर चक्र जड होई. चूक लगेच हातास जाणवे वा डोळ्यांस दिसे. मोठा दोष मात्र अपघाताच्या वेळी प्रकट होई. समोरासमोर टक्कर झाल्यास गाडीचा पुढील भाग मागे सरके व ताठ दंड भाल्यासारखा चालकाच्या छातीवर येई.

दुरुस्तीची परंपरा : या काळात सुकाणूचे काम घरी करण्याची पद्धत फारशी नव्हती. मोटारगाडी हीच दुर्मीळ वस्तू होती व तिची देखभाल कारखान्यातील मिस्त्रीकडे असे. राज्य परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांतून मोटार-दुरुस्तीचे शिस्तबद्ध ज्ञान असलेला कारागीरवर्ग घडला. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ‘मोटार मेकॅनिक’ हा अभ्यासक्रम शिकविण्यात येऊ लागला. मुंबईतील टॅक्सींची दुरुस्ती करणाऱ्या रस्त्याकडेच्या गॅरेजांनी हे ज्ञान तोंडी परंपरेने पसरविले. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्याने प्रथम पाने ओळखावेत, मग चाके उतरवावीत आणि सुकाणू व ब्रेक यांना सर्वांत शेवटी हात लावावा, असा क्रम तेथे पाळला जाई. या क्रमामागे व्यवहारज्ञान होते, कारण ज्या कामातील चूक जिवावर बेतते, ते काम अनुभव येईपर्यंत शिकाऊ हातात देण्यात येत नसे.

सांधेदार दंड : विसाव्या शतकाच्या मध्यास दंडाच्या रचनेत दोन कारणांनी मूलगामी बदल झाला. पहिले कारण दंतपट्टीच्या यंत्रणेचा प्रसार हे होय. या यंत्रणेत दंडाच्या टोकाचे लहान दंतचक्र एका आडव्या दंतपट्टीस डावी-उजवीकडे सरकविते. कारागीर तिला ‘रॅक’ म्हणतात. तीत भाग कमी लागतात व चालकास रस्त्याची जाण अधिक चांगली येते. १९३६ मध्ये सीत्रोएन कंपनीच्या पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीस ती बसविण्यात आली आणि १९४८ च्या मॉरिस मायनरनेही तिचाच अवलंब केला. ही पट्टी एंजिनच्या खालच्या बाजूस आडवी बसते, त्यामुळे चक्रापासून तिच्यापर्यंत एका सरळ रेषेत दंड नेणे बहुधा शक्य होत नाही. दंडाचे तुकडे करून ते सांध्यांनी जोडावे लागतात.

यासाठी लागणारा सांधा जुनाच होता. सोळाव्या शतकातील इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्दानो व सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांची नावे त्यास दिली जातात. दोन काटे व त्यांमधील अधिक-चिन्हासारखा तुकडा अशी त्याची रचना असल्याने गॅरेजांत त्यास ‘क्रॉस’ म्हणतात. या सांध्याचा एक गुणधर्म बसविणाऱ्याने ध्यानात ठेवणे आवश्यक असते. दोन दंड एकमेकांशी कोन करीत असतील, तर पहिला दंड एकसारख्या वेगाने फिरविला तरी दुसरा दंड प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद व दोनदा मंद होतो. कोन ३० अंशांचा असल्यास दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या सु. ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत बदलतो. दोन सांधे योग्य स्थितीत जोडल्यास एकाची विषमता दुसरा भरून काढतो. मात्र मधला तुकडा पाव फेरा चुकवून बसविला, तर दोन्हींची विषमता एकत्र येते व चक्र आळीपाळीने हलके व जड लागते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे होते. ताठ दंडामुळे होणाऱ्या मृत्यूंकडे १९५० नंतर अभियंत्यांचे लक्ष गेले. मर्सिडीज-बेन्झमधील बेला बारेनी यांनी टकरीत दबणाऱ्या सुकाणूस्तंभाच्या कल्पना मांडल्या. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६७ च्या गाड्यांत आकाशकंदिलाच्या कागदासारखी चुरगळणारी, जाळीदार पोलादी नळी असलेला स्तंभ आणला. त्याच वर्षी मर्सिडीज गाड्यांतही दबणारा स्तंभ आला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेतील नव्या मोटारगाड्यांना या बाबतीतील संघराज्यीय मानके लागू झाली. या रचनेत दंडाचे दोन भाग एकमेकांत सरकणारे असतात व काही प्रकारांत ते प्लॅस्टिकच्या बारीक खिळींनी एरव्ही जागेवर धरलेले असतात. टकरीचा आघात बसला की खिळी तुटून दंड आखूड होतो. अशा दंडावर दुरुस्तीच्या वेळी हातोडीचे घाव घातल्यास त्याच खिळी नकळत तुटण्याचा संभव असतो.

घरगुती दुरुस्तीचा उदय : भारतात सांधेदार दंड व दंतपट्टी ही जोडी सर्वसामान्य कुटुंबापर्यंत नेली ती डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० या गाडीने. १९९८ मध्ये टाटा कंपनीची पुण्याजवळ तयार होणारी इंडिका ही गाडी आली. १९९० नंतर मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली व त्याच सुमारास मुंबईच्या परिसरात नव्या वसाहती वाढल्या. खारघर हे त्यांचे ठळक उदाहरण होय. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, डोंगराच्या पायथ्याचे हे गाव १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या महामंडळाच्या नवी मुंबई प्रकल्पात आले व मुख्यतः १९९० नंतर त्याची क्षेत्रवार वसाहत उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत त्याचा समावेश झाला. शीव–पनवेल महामार्ग त्याच्या कडेने जातो आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ नजीकच्या कळंबोली येथे होतो. अशा ठिकाणी सोसायटीच्या वाहनतळावर सुटीच्या दिवशी गाडीचे बॉनेट उघडून स्वतः दुरुस्ती करणारा हौशी मालक हा नवा वर्ग आहे. जुन्या पद्धतीचा मिस्त्री जे काम शिष्यास सर्वांत शेवटी देई, ते काम या वर्गातील व्यक्ती कधीकधी प्रथमच व एकट्याने हाती घेते.

कोकणपट्टीच्या हवामानामुळे हे काम निघण्याचे प्रसंग वाढतात. चार महिन्यांचा जोरदार पाऊस, खाडीकडील दमट हवा व पाणी साचलेले रस्ते यांमुळे दंडाच्या खालच्या सांध्यातील सुईसारख्या रुळांना गंज चढतो. चक्र फिरविताना ठराविक जागी अडखळणे, कटकट आवाज येणे, वळणानंतर चक्र आपणहून सरळ न होणे ही त्याची लक्षणे होत. क्लचच्या वा दंतपट्टीच्या दुरुस्तीसाठीही काही गाड्यांत हा सांधा सोडवावा लागतो.

पुनर्जोडणी : सांधेदार दंडाचे टोक दातेरी असते व त्यावर चिरलेला काटा बसून एका आडव्या बोल्टाने आवळला जातो. अनेक गाड्यांत दंडाच्या टोकाजवळ एक खाच असते व बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. यामुळे बोल्ट सैल झाला तरी काटा दंडावरून निसटत नाही. या योजनेचा लाभ मात्र दंड काट्यात पुरेसा खोल गेलेला असेल तरच मिळतो. दंड थोडा बाहेर राहिल्यास बोल्ट त्याच्या टोकाच्या पलीकडून जातो, काटा वरवर घट्ट आवळलेला वाटतो व गाडी काही दिवस नीट चालतेही. पुढे एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने तो जोड निसटू शकतो. अखंड दंडाच्या काळातील चूक ताबडतोब जाणवत असे. सांधेदार दंडाची ही चूक मात्र जोड सुटेपर्यंत लपून राहते. यामुळे तपासणी हा पुनर्जोडणीचा अविभाज्य भाग मानावा लागतो.

कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम पुढील चाके सरळ करून सुकाणूचक्र फिरणार नाही असे बांधून ठेवतात. गाडीत हवापिशवी असल्यास बॅटरीची ऋण तार काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबतात. काटा व दंड या दोहोंवर मिळून रंगाची एक खूण करतात. नंतर बोल्ट सैल करून न थांबता तो संपूर्ण बाहेर काढतात, कारण खाचेत अडकलेला बोल्ट असताना काटा ओढल्यास दोन्हींचे दाते खराब होतात. काटा घट्ट बसला असल्यास गंज सोडविणारे तेल घालून वाट पाहणे व चिरेची फट थोडी रुंदावणे हा मार्ग अवलंबितात. हातोडी वर्ज्य समजतात. बसविताना खुणा जुळवून दंड पूर्ण आत नेल्यावर बोल्ट नुसत्या बोटांनी आरपार गेला पाहिजे. तो न गेल्यास दंड पूर्ण बसलेला नाही असे समजून पुन्हा आरंभ करावा लागतो. पान्याच्या जोरावर बोल्ट रेटणे धोक्याचे असते. अखेरीस उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसार टॉर्क-पान्याने तो आवळतात व पुस्तिकेत सांगितले असल्यास बोल्ट नवा वापरतात.

खुणा चुकल्यास काय होते, याचे गणित सोपे आहे. दंडावर ३६ दाते असतील तर एका दात्याची चूक १० अंशांची होते व गाडी सरळ जात असताना चक्र तेवढे तिरके दिसते. ही चूक झाकण्यासाठी काही जण वरचे चक्र काढून तेवढे फिरवून बसवितात. त्याने आरे सरळ दिसतात, परंतु दिशादर्शक दिवा वळणानंतर आपोआप बंद करणारी योजना व दंतपट्टीचा मध्य यांचा मेळ बिघडतो. मूळ चूक खालीच सुधारणे हाच योग्य उपाय होय. जोडणीनंतर चक्र मध्यापासून डावीकडे व उजवीकडे टोकापर्यंत फिरवून दोन्हीकडील फेरे सारखे भरतात का, हे पाहतात. मग मोकळ्या जागी अगदी मंद वेगाने गाडी चालवून पाहतात व चाकांची दिशाजुळणी तपासून घेतात.

हवापिशवीमुळे एक नवी दक्षता आवश्यक झाली आहे. चक्रातील पिशवीस वीज पोहोचविणारी गुंडाळलेली पट्टी ठराविक फेऱ्यांपुरतीच लांब असते. दंड सुटा असताना चक्र मोकळे फिरल्यास पट्टीचा मध्य ढळतो आणि पुढे पूर्ण वळणाच्या वेळी ती तुटू शकते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत चालकासाठी हवापिशवी सक्तीची झाल्याने हा मुद्दा आता सर्वसामान्य गाडीलाही लागू पडतो.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८ वा नियम सुकाणू यंत्रणेविषयी आहे. त्यानुसार चक्राची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा अधिक नसावी, जोडदांड्यांच्या गोलसांध्यांना रबरी टोप्या असाव्यात व जेथे जोड बोल्टांनी वा खिळींनी केलेले असतील तेथे ते निसटणार नाहीत असे पक्के केलेले असावेत. ३८ सेंमी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर ३० अंश म्हणजे सु. १० सेंमी. अंतर होते, ही मर्यादा बाह्य असून सुस्थितीतील गाडीत हालचाल तिच्यापेक्षा पुष्कळच कमी असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खाजगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यापुढे नूतनीकरणासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते. खारघर परिसरातील वाहनांसाठी पनवेल येथे परिवहन कार्यालय असून त्याचा नोंदणी-संकेतांक एमएच-४६ हा आहे.

अलीकडील स्थिती : हाताचे श्रम कमी करण्यासाठी फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारी साहाय्यक यंत्रणा प्रयोगरूपाने दाखविली व १९५१ मध्ये क्राइस्लरने ती विक्रीच्या मोटारगाडीत आणली. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या लहान गाडीत विजेवर चालणारी साहाय्यक यंत्रणा आली; एकविसाव्या शतकात भारतीय गाड्यांतही ती रूढ झाली. २०१३ मध्ये इन्फिनिटी कंपनीने चक्राची आज्ञा विजेच्या संकेतांनी चाकांपर्यंत नेणारी गाडी विक्रीस आणली, परंतु तीतही बिघाडाच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून यांत्रिक दंड ठेवलेला होता. विजेची मोटर बंद पडली तरी दंड असेपर्यंत गाडी, जड का होईना, वळविता येते. दंड निसटल्यावर मात्र सर्वसाधारण गाडीत मोटरचाही उपयोग होत नाही.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीची होती. २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर मळसूत्री पेटीचे काम हाताच्या स्पर्शाने ओळखणारी कारागिरांची एक पिढीही व्यवसायातून निवृत्त होत आहे. त्या पिढीची हत्यारे नव्या दंडास फारशी उपयोगी नाहीत. तथापि सुकाणूचे काम अनुभवाशिवाय एकट्याने न करणे, जोडलेला प्रत्येक बोल्ट दुसऱ्या माणसाकडून तपासून घेणे आणि शंका राहिल्यास गाडी रस्त्यावर न काढणे, या तिच्या शिस्तीची घरगुती दुरुस्तीस पूर्वीपेक्षा अधिक गरज आहे.